यीवूच्या रस्त्यांवर आईला घेऊन फिरायचंय, माहिती हवी

नौपाडेकरीण:
नमस्कार. ठाण्यात जांभळी नाक्याजवळ माझं बांगड्या, क्लिपा आणि हळदीकुंकवाच्या वाणाचं दुकान आहे. माल बघायला पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच चीनमध्ये यीवूला चाललेय, आईसोबत. ती ६४ वर्षांची, डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. हॉटेलपासून बाजार दीड किलोमीटर. व्हिडिओत तिथल्या रस्त्यावर तीनचाकी, छत्री लावलेल्या स्कूटर, कायकाय दिसतं. चालत जमेल का? की मी स्कूटर भाड्याने घेऊ? इंटरनॅशनल परमिट काढायची तयारी आहे.

तुर्भेकर:
ताई, परमिटवर पैसे घालवू नका, चीनमध्ये ते चालत नाही. हलक्या ई-सायकलला परवाना लागत नाही (वेग ताशी २५ किमीपर्यंतच), पण मागे मोठं माणूस बसवायला बऱ्याच शहरांत बंदी आहे. आईंसाठी टॅक्सीच बरी.

चालताना एक गोष्ट सांभाळा. तिथे वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने धावतात, म्हणून फुटपाथवरून उतरताना आधी डावीकडे बघायचं. आपली मान सवयीने उजवीकडे वळते. पहिल्या खेपेला मी सायकलींच्या लेनमध्ये उभा राहून पिशवी सावरत होतो, मागून स्कूटर आली आणि हँडल कोपरावर बसलं. आवाज शून्य. बॅटरीची गाडी, कळणार कसं? काही जण उलट्या दिशेनेही येतात. पायी जाणाऱ्यांचा हिरवा दिवा लागला तरी उजवीकडे वळणाऱ्या गाड्यांवर नजर ठेवा, लाल दिव्यावर ते वळण चालतं.

बाजाराबाहेर मालाच्या तीनचाकी असतात. मागे उघडा हौदा, त्यात डोक्याच्या वर खोके रचलेले. त्या रिव्हर्स घेताना गाडीतून बाईचा आवाज येतो, 'दाओ छ, छिंग झू यी', म्हणजे गाडी मागे येतेय, लक्ष द्या. जांभळी नाक्यावर हातगाडीवाला 'बाजू, बाजू' ओरडतो तसंच. आईंकडून एवढं वाक्य पाठ करून घ्या.

ऐरोलीचा:
मी शानडाँग प्रांतात लिन्यीला दीड वर्ष होतो. तिथे डब्यासारखी छोटी बॅटरीची चारचाकी फार. तिला 'लाओ थोउ ल' म्हणतात, म्हाताऱ्यांचं सुख. आमच्या खालच्या मजल्यावरचे आजोबा रोज तीतून नातीला शाळेत सोडायचे. परवाना नाही, सिग्नल न देता वळायचे, बघताना माझ्या पोटात गोळा यायचा. बीजिंगमध्ये अशा बेकायदा तीन आणि चारचाकींना १ जानेवारी २०२४ पासून रस्त्यावर बंदी आहे. बंदी योग्यच, पण गुडघे धरलेल्या माणसाने नातीला शाळेच्या फाटकापर्यंत न्यायचं कसं, हे मला अजून छळतं.

थंडीत जात असाल तर स्कूटरच्या हँडलला बांधलेल्या गोधड्या दिसतील. पुढून पायापर्यंत जाड पांघरूण, हात आत. आईंना नक्की दाखवा.

नौपाडेकरीण:
दादा, दोघांचे खूप आभार. आईला वाचून दाखवलं, तिने ते वाक्य मराठीत लिहून पर्समध्ये ठेवलंय. टॅक्सीवाल्याला हॉटेल कसं सांगायचं?

तुर्भेकर:
हॉटेलच्या काउंटरवरून चिनी लिपीतलं कार्ड मागून घ्या. दोन घ्या, एक आईंकडे राहू द्या.