मदत हवी आहे: इंटर्न आणि डीआरपी रेसिडेन्टसाठी मानसिक आरोग्याचा एक पानी कागद (सिंधुदुर्ग-रत्नागिरी)

खाडीपलीकडे:
आमच्याकडच्या इंटर्न डॉक्टरांसाठी आणि डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सीला (डीआरपी) तीन महिने येणाऱ्या पीजींसाठी, म्हणजे पदव्युत्तर शिकणाऱ्या डॉक्टरांसाठी, हॉस्टेलवर लावायला एक कागद तयार करतोय. 'समुपदेशन कक्षाशी संपर्क साधावा' छापाची वाक्यं नकोत, ती कोणी वाचत नाही. तीन ठिकाणी अडलंय.

१) ओळखीच्या नजरा टाळून दाखवायचं कुठे? केसपेपर काढणारा क्लार्क, ओपीडीत मोठ्याने नाव पुकारणारे मामा, खिडकीतला फार्मासिस्ट, सगळे रोजच्या उठण्याबसण्यातले.
२) रजा घेतली तर इंटर्नशिप किंवा टर्म लांबते का?
३) रात्री दोन वाजता रूममेट म्हणाला, 'मला आता हे सगळं नको झालंय', तर समोरच्याने नेमकं काय करायचं?

जाणकारांनी कृपया लिहावं.

पिंपळपार:
पहिल्या प्रश्नाचं उत्तर. ज्या हॉस्पिटलात ड्युटी, तिथे केसपेपर काढायचाच नाही. संगणकावर नोंद होत असेल तर ती कोणाकोणाच्या लॉगिनला दिसते हे आधी कोण विचारणार?

सुरुवात टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनपासून: १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत. कॉलेजचं नाव सांगायची गरज नाही. आधी समुपदेशक बोलतो, लागलं तर पुढे मनोविकारतज्ज्ञाकडे जोडून देतात. पावसात डेटा रडत असला तरी साधा कॉल लागतो, हा आपल्याकडे मोठाच फायदा.

प्रत्यक्ष दाखवायचं तर जिल्ह्याबाहेर. सिंधुदुर्गातली माणसं एरवीही गोव्यात बांबोळीला जातातच, तिथे गोवा मेडिकल कॉलेजच्या शेजारी आयपीएचबी हे मनोरुग्णालय आहे. रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूर, चिपळूणहून कुंभार्ली घाटाने कराड. रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय कामाचं आहे, पण इंटर्नना तिथेही ओळखीचे चेहरे भेटायची शक्यता जास्त. पहिली भेट प्रत्यक्ष झाली की पुढच्या बऱ्याच व्हिडिओवर होऊ शकतात.

कागदावर हे ठळक हवं: को-पीजीकडून (बरोबरच्या पीजीकडून) गोळ्या लिहून घेऊ नका. डॉक्टर लोकांचं बहुतेक वेळा इथेच फसतं. आधी झोपेची गोळी, मग एमआरने (औषध कंपनीच्या प्रतिनिधीने) दिलेल्या सॅम्पलमधलं एखादं एसएसआरआय, म्हणजे नैराश्यावरचं औषध. पहिल्या आठवड्यात मळमळ आणि अस्वस्थता येते, गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. हे सांगणारं कोणी नसतं, मग दहाव्या दिवशी 'आपल्याला सूट होत नाही' म्हणून पाकीट कचऱ्यात. ज्यांना बरं वाटतं ते दोन महिन्यांनी आपल्या मनाने बंद करतात आणि चक्कर, चिडचिड, पुन्हा तेच. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने तरी औषध चालू ठेवतात आणि उतरवताना हळूहळू उतरवतात. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ एकदा बघून घ्या, थकवा तिथूनही येतो.

पीएचक्यू-९ ही नैराश्य तपासायची प्रश्नावली छापा. नऊ प्रश्न, २७ पैकी गुण, गेल्या दोन आठवड्यांबद्दल. १० किंवा वर आले तर दाखवायला जायचं. नवव्या प्रश्नाला (मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार) शून्य सोडून काहीही उत्तर असेल तर बेरीज करत बसू नका, त्याच दिवशी फोन.

तिठ्यावरचा:
रजेबद्दल. इंटर्नना बारा महिन्यांत १५ दिवस, त्यापुढची रजा तेवढ्या दिवसांनी इंटर्नशिप वाढवून भरायची. पीजींना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या (एनएमसी) २०२३ च्या नियमावलीप्रमाणे वर्षाला किमान २० दिवस पगारी रजा आणि साप्ताहिक सुट्टी, पण 'कामाची निकड' ही पळवाट तिथेच लिहिलेली आहे. डीआरपीला असताना अर्ज जिल्ह्याच्या डीआरपी समन्वयकाकडे द्या आणि प्रत आपल्या विभागप्रमुखांना ईमेलने पाठवा. नाहीतर दोघेही 'आम्हाला कळवलं नाही' म्हणतात.

सर्टिफिकेट बंद पाकिटात, थेट समन्वयकाच्या हातात. आवक-जावकच्या टेबलावर ठेवलं की संध्याकाळी कँटीनला माहीत. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७, कलम २३: उपचारांची माहिती गोपनीय ठेवून घेणं हा हक्क आहे. हे वाक्य अर्जातच लिहा.

रेसिडेन्टच्या ड्युटीच्या तासांचं म्हणाल तर केंद्राच्या १९९२ च्या निर्देशात सलग १२ आणि आठवड्याला ४८ तास आहेत. एनएमसीच्या टास्क फोर्सने २०२४ मध्ये आठवड्याला कमाल ७४ सुचवले, पण ती शिफारस आहे. भांडायला उपयोगी, रोस्टर त्याने बदलेलच असं नाही.

सीनियरचा जाच असेल तर तो रॅगिंगमध्ये मोडतो, रॅगिंगविरोधी हेल्पलाइन: १८००-१८०-५५२२.

पिंपळपार:
तिसरा प्रश्न राहिला. सरळ विचारा, 'मरणाचे विचार येतात का? काही ठरवलंयस का?' विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. 'अरे, सगळ्यांचं असंच असतं' हे वाक्य टाळा, तिथे बोलणं बंद होतं.

'हो' म्हणाला तर एकटं सोडायचं नाही, बाथरूमलाही बाहेर थांबायचं. खोलीत वॉर्डातून आलेली औषधं, इंजेक्शनं असतील तर एकाने ती उचलून खोलीबाहेर न्यायची. डॉक्टरांच्या बाबतीत हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. १४४१६ स्पीकरवर. दुसऱ्याने त्याची सकाळची ड्युटी बदलून घ्यायची, कारण 'आठला राउंड आहे' म्हणत तो उठून जातो. काही करून बसला असेल तर गुप्ततेचा विचार सोडा, जवळची कॅज्युअल्टी. त्याच कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, सहसा शिक्षा होत नाही.

खाडीपलीकडे:
दोघांचेही आभार. मसुदा झाला. 'सकारात्मक राहा' कोणीतरी घुसवलं होतं, काढलं.

तिठ्यावरचा:
लॅमिनेट करा, दमट हवेत कागद आठ दिवसांत वाकतो. आणि नोटीस बोर्डावर नको, तिथे उभं राहिलेलं दिसतं. संडासाच्या दाराला आतून लावा, कडी लावून निवांत नंबर उतरवून घेता येतो.