कादंबरी पडद्यावर येताना नेमके काय हरवते?

प्रश्न

माझ्या अत्यंत आवडत्या एका कादंबरीवरचा चित्रपट नुकताच पाहिला. नाव मुद्दाम देत नाही, कारण चर्चा त्या एका चित्रपटापुरती अडकू नये अशी इच्छा आहे. पात्रे तीच, प्रसंगांचा क्रम तोच, कित्येक संवाद तर पुस्तकातून जसेच्या तसे उचललेले, आणि नटांच्या निवडीतही बोट ठेवायला जागा नव्हती. सोबतची मंडळी 'पुस्तकाला पुरेपूर न्याय दिला' असे म्हणत होती. मला मात्र काहीच जाणवले नाही, आणि याचे मला खरोखर वाईट वाटले.

एक उदाहरण देते. कादंबरीतील वडील निवृत्तीनंतर संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून फाटकाकडे पाहत बसतात, कारण घर सोडून गेलेला मुलगा परत येईल अशी त्यांची आशा असते. ते प्रकरण वाचताना प्रत्येक वेळी माझा गळा दाटून येतो. पडद्यावर तीच खुर्ची होती, तेच फाटक होते, मावळतीचा उजेडही सुरेख टिपला होता. परंतु अर्ध्या मिनिटात प्रसंग संपला आणि कथा पुढे सरकली. काहीही वगळलेले नसताना हे का घडावे? काही कादंबऱ्या मुळातच पडद्यासाठी नसतात, असे मानावे का?

प्रतिसाद १

आपण दिलेल्या उदाहरणातच उत्तराचा मोठा भाग आहे, असे मला वाटते. ते प्रकरण पुन्हा उघडून केवळ क्रियापदे पाहा. माझा अंदाज असा की तेथे 'वडील खुर्ची बाहेर काढीत, अंधार पडेपर्यंत बसून राहत, मग कोणाशी न बोलता आत येत' अशा धर्तीची वाक्ये असतील. शाळेच्या व्याकरणात याला आपण रीतिभूतकाळ म्हणत असू. या एका क्रियारूपात शेकडो संध्याकाळी मावतात, आणि लेखकाला त्यासाठी दोन ओळींहून अधिक जागा लागत नाही.

कॅमेऱ्याजवळ हा काळ नाही. तो फक्त एक संध्याकाळ दाखवू शकतो, या खुर्चीवर, या उजेडात, आत्ता. त्यामुळे पुस्तकात जी सवय होती ती पडद्यावर घटना होते, आणि घटना म्हणून पाहिले तर एक गृहस्थ खुर्चीवर बसले आहेत, यात गळा दाटून येण्यासारखे काय आहे? पुस्तकात बहुधा पुढे कोठेतरी 'त्या दिवशी ते बसले नाहीत' असे साधे वाक्य येत असेल. 'बसत' मोडून 'बसले' आले की वाचकाला धक्का बसतो, कारण तोवर वाचकालाही त्या संध्याकाळींची सवय झालेली असते.

यावर उपाय नाही असे नाही, पण तो मजकुरातून उचलता येत नाही. दिग्दर्शकाला तो नव्याने शोधावा लागतो. समजा, खुर्ची एकदाच नीट दाखवली आणि त्यानंतर घरातील निरनिराळ्या प्रसंगांत, भांडण चालू असताना, कोणी अभ्यास करत असताना, दिवा लावला जात असताना, बाहेर फरशीवर खुर्चीचे पाय ओढल्याचा आवाज तेवढा ऐकू येत राहिला. चौथ्या-पाचव्या वेळेला प्रेक्षक त्या आवाजाची नकळत वाट पाहू लागतो. मग एका संध्याकाळी दिवा लागतो आणि आवाज येत नाही. हे पुस्तकात लिहिलेले नसेल, तरीही मी याला मूळ प्रकरणाशी प्रामाणिक राहणे म्हणेन. आपण पाहिलेल्या चित्रपटाने वस्तू सांभाळली आणि तिच्यातला काळ सोडून दिला.

प्रतिसाद २

वरील प्रतिसाद मला पटला. मात्र अशा चर्चेत 'चित्रपटाला मनात शिरता येत नाही, ते कादंबरीचेच काम' हे वाक्य हमखास येते, म्हणून ते येण्याआधीच त्याला विरोध नोंदवतो. रवींद्रनाथ ठाकूर यांची 'नष्टनीड' ही १९०१ मधील दीर्घकथा आणि तिच्यावरून सत्यजित राय यांनी १९६४ मध्ये केलेला 'चारुलता' हा चित्रपट लागोपाठ वाचून आणि पाहून बघावेत. चारूचे एकाकीपण रवींद्रनाथ निवेदनातून उलगडतात. राय यांनी पार्श्वनिवेदन घेतलेच नाही. आरंभीची काही मिनिटे जवळपास निःशब्द आहेत: चारू भरतकाम बाजूला ठेवते, पुस्तक चाळते, हातातली छोटी दुर्बीण घेऊन एका खिडकीपासून दुसऱ्या खिडकीपर्यंत जात रस्त्यावरची माणसे पाहते. तेवढ्यात पती भूपती वाचनात गढलेला असा तिच्या जवळून निघून जातो, त्याला ती दिसतही नाही, आणि चारू तीच दुर्बीण डोळ्यांना लावून पाठमोऱ्या नवऱ्याकडे पाहते. काही पावलांवरचा माणूस दुर्बिणीतून पाहावा लागतो! यानंतर तिच्या मनाविषयी आणखी एखादे वाक्य हवे होते असे कोणी म्हणेल, असे मला वाटत नाही.

शेवटही बदललेला आहे. कथेत चारूला सोबत नेण्यास भूपती आधी नकार देतो, मग सोबत चल म्हणतो, आणि चारू ते नाकारते. हे सारे दोन-चार शब्दांत घडते. चित्रपटात दोघांचे हात एकमेकांकडे पुढे होतात आणि भेटण्याआधीच चित्र गोठते. शब्द गेले, पण अंतर उरले.

प्रतिसाद ३

लांबीचा मुद्दा राहून गेला. पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचा साधारण एक मिनिट, असा या व्यवसायातला ढोबळ हिशेब आहे. तेव्हा तीनशे-चारशे पानांची कादंबरी दोन-अडीच तासांत बसवताना कापाकापी अटळच असते. एरिक फॉन स्ट्रोहाइम यांनी फ्रँक नॉरिस यांच्या 'मॅकटीग' या कादंबरीतील शक्य तितके सारे टिपण्याच्या हट्टाने 'ग्रीड' चित्रित केला. पहिली आवृत्ती सुमारे आठ तासांची झाली, आणि १९२४ मध्ये प्रदर्शित झालेला चित्रपट निर्मितीसंस्थेने कापून जेमतेम सव्वादोन तासांवर आणलेला होता.

याउलट 'सिंहासन' पाहा. अरुण साधू यांच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांमधून विजय तेंडुलकरांनी एकच पटकथा रचली आणि जब्बार पटेल यांचा चित्रपट १९७९ मध्ये आला. दोन पुस्तकांतले किती गाळावे लागले असेल याची कल्पना करा. तरीही तो विस्कळीत वाटत नाही, कारण दिगू टिपणीस हा पत्रकार सर्वत्र वावरतो, पाहतो, आणि निळू फुले यांच्या चेहऱ्यावर ते पाहणे साचत जाते. अखेरीस त्याचे ते वेड्यासारखे हसणे ऐकताना आपण आतापर्यंत काय काय पाहिले, हे एकदम अंगावर येते. म्हणून मला वाटते, काय गाळले याची यादी करण्यापेक्षा पाहणारा कोण आहे हे आधी विचारावे. आपल्या त्या चित्रपटात खुर्चीवरच्या वडिलांकडे नेमके कोण पाहत होते?

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री ते प्रकरण पुन्हा वाचले. क्रियापदांबद्दलचा अंदाज तंतोतंत खरा ठरला: सलग दोन पाने 'बसत', 'पाहत', 'येत' अशीच आहेत. मी इतक्या वेळा वाचूनही हे कधी लक्षात आले नव्हते.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तरही सापडले. पुस्तकात हे सारे धाकटी मुलगी सांगते. ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून वडिलांची पाठ पाहत असते. त्यांचा चेहरा त्या दोन पानांत एकदाही येत नाही. चित्रपटात कॅमेरा फाटकाकडून होता. वडिलांचा चेहरा समोरून, अगदी जवळून दिसत होता, डोळ्यांतले पाणीही दिसत होते, आणि मुलगी त्या चौकटीत कोठेच नव्हती.