डॉन स्टेली यांचे यश: प्रशिक्षणाचे की खेळाडू-निवडीचे?

प्रश्न: अमेरिकेतील साउथ कॅरोलायना विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघाने डॉन स्टेली यांच्या मार्गदर्शनाखाली २०१७, २०२२ आणि २०२४ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. या यशाचे श्रेय प्रशिक्षणाला द्यावे, की उत्तम खेळाडू मिळवण्याच्या त्यांच्या हातोटीला?

उत्तर १: मला हा भेद कृत्रिम वाटतो, कारण महाविद्यालयीन खेळात शाळकरी खेळाडूंना आपल्याकडे वळवणे हेच मुख्य प्रशिक्षकाचे अर्धे काम असते. २००८ मध्ये टेंपल विद्यापीठातून त्या आल्या, तेव्हा पहिल्या हंगामात संघाने १० सामने जिंकले आणि १८ गमावले. साउथ कॅरोलायना राज्यातलीच नामवंत खेळाडू एजा विल्सन २०१४ मध्ये संघात येईपर्यंत पाया घातला गेला होता.

उत्तर २: माझ्या मते खरी कसोटी २०२३-२४ चा हंगाम होता. आदल्या वर्षीच्या पाचही प्रमुख खेळाडू निघून गेल्या असताना नव्या संघाने ३८ पैकी ३८ सामने जिंकले आणि अंतिम सामन्यात आयोवा विद्यापीठाला ८७-७५ असे हरवले. केवळ निवडीच्या बळावर असे घडत नाही. राखीव खेळाडूंना आधीपासून भरपूर वेळ खेळवण्याचे धोरण तेव्हा फळाला आले.

उत्तर ३: कौतुक रास्त आहे, पण प्रमाण सुटू नये. टेनेसी विद्यापीठाच्या प्रशिक्षक पॅट समिट यांच्या नावावर १०९८ विजय आणि ८ विजेतेपदे आहेत, तर प्रशिक्षक जीनो ऑरिएमा यांच्या कनेक्टिकट विद्यापीठाने २०२५ च्या अंतिम सामन्यात स्टेली यांच्याच संघाला ८२-५९ असे नमवून बारावे विजेतेपद पटकावले.