पिकअपवाली अकूस्टिक गिटार घरी दुरुस्त करावी का?

सहावी_तार (रत्नागिरी)

माझं मत सरळ आहे. जो गिटार वाजवतो त्याला तिची निम्मी दुरुस्ती यायलाच हवी. तारा बदलणं मी यात धरत नाही. मी बोलतोय केबल लावायचा जॅक, बॅटरीची वायर, सॅडल (तारा ज्यावर टेकतात ती हाडाची बारीक पट्टी) आणि मानेच्या आतला धातूचा दांडा, म्हणजे ट्रस रॉड, यांच्याबद्दल.

माझ्या गिटारला पिकअप आहे, म्हणजे तारांची थरथर पकडून स्पीकरकडे पाठवणारा भाग. गेल्या जुलैत तिचा आवाज स्पीकरवर मधूनच जायचा आणि खरखर करत परत यायचा. एका दुकानात दाखवली. न उघडताच सांगितलं, प्रीअँप (पिकअपचा आवाज वाढवणारं सर्किट) गेलाय, साडेतीन हजार होतील. मी ती घरी आणली, तारा सैल केल्या आणि साउंडहोलमधून हात घातला. पट्टा अडकवायच्या खुंटीतच केबलचा जॅक आहे, त्याचा नट सैल झाला होता. केबल लावता-काढताना अख्खा जॅक फिरायचा आणि आतली वायर पीळ खाऊन सोल्डरपाशी तुटायला आली होती. २५ वॉटच्या सोल्डरिंग आयर्नने दहा मिनिटांत काम झालं. प्रीअँप आजही तोच आहे.

यात फार मोठी विद्या नाही. या जॅकमध्ये एक जादा पत्ती असते. प्लग आत गेला की ती त्याच्या दांड्याला टेकते आणि बॅटरीचं सर्किट पूर्ण होतं. म्हणूनच केबल लावून ठेवली की गिटार वाजवा न वाजवा, ९ व्होल्टची बॅटरी उतरत राहते. एवढं माहीत नसल्यामुळे लोक हजारो रुपये घालवतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

त्याच आठवड्यात सॅडलही घासलं. १२व्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरची धातूची आडवी पट्टी) जाड तार ३.२ मिमी उंच होती, बोटं सोलून निघायची. काचेवर सँडपेपर चिकटवला आणि सॅडलचा तळ १ मिमी घासला. १२व्या फ्रेटवर अर्धा मिमी खाली यायचं तर सॅडलमधून दुप्पट काढावं लागतं. आता गिटार लोण्यासारखी वाजते.

बाकावरची_गिटार (पुणे)

मी २० वर्षं हेच काम करतो. जॅकचं तुम्ही केलंत ते उत्तम, आणि न उघडता प्रीअँप गेला म्हणणारा चुकलाच. पण सॅडल जुलैत घासलंत हे वाचून राहवलं नाही.

पावसाळ्यात कोकणात हवेतला दमटपणा ८० टक्क्यांच्या वर जातो. टॉपचं, म्हणजे वरच्या फळीचं, लाकूड ती ओल पितं, फुगतं, त्याबरोबर तिच्यावर चिकटवलेला, सॅडल धरणारा ब्रिज वर येतो आणि तारा उंच होतात. तुमचं सॅडल उंच झालं नव्हतं, लाकूड फुगलं होतं. हवा कोरडी झाली की टॉप खाली बसेल आणि त्याच तारा फ्रेटला लागून झणझणतील. घासलेलं हाड परत वाढत नाही.

दुसरी गोष्ट पिकअपची. सॅडलखाली पिएझोची, म्हणजे दाबावरून आवाज पकडणारी, पट्टी असते, तिला सॅडलचा दाब सगळीकडे सारखा लागतो. हाताने घासताना तळाच्या कडा नकळत गोल होतात. मग स्पीकरवर मधल्या तारा दणकून येतात आणि पहिली तार ऐकूच येत नाही. माणूस म्हणतो पिकअप बिघडला. पिकअप धडधाकट असतो. अशी गिटार महिन्याला एखादी तरी माझ्याकडे येते. म्हणून सांगतो, लाकूड आणि हाड यांना हात लावू नका.

चंद्रपूरची_चाल

दादा, तुमचं पुण्यात ठीक आहे. माझ्या ओळखीत गिटारचं काम जाणणारा माणूस नागपूरला आहे, आणि मला दुकान सोडून जाता येत नाही. "हात लावू नका" म्हणजे मी चार महिने वाजवायचं नाही, असाच अर्थ होतो.

आमचं दुखणं रत्नागिरीच्या उलटं. मे महिन्यात इथली हवा इतकी कोरडी की फिंगरबोर्ड (मानेवरची बोटं ठेवायची फळी) आकसतो आणि फ्रेटची टोकं बाहेर येऊन तळहाताला करवतीसारखी लागतात. मी भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला स्पंज ठेवतो, पिळून, पाणी गळणार नाही असा, आणि ती गिटारबरोबर केसमध्ये बंद करतो. पंचवीस दिवसांत टोकं आत गेली. कानस लावलीच नाही. ही दुरुस्ती मी केली की नाही केली, तुम्हीच सांगा.

जीव_आणि_जवारी (मिरज)

आमच्या गावच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणून नव्हे, पण या वादाचं उत्तर तंबोऱ्यात मला सापडतं. तारेखाली सुताचा दोरा सरकवून आवाज खुलवायचा, त्याला आम्ही जीव म्हणतो. तो गाणारा स्वतः लावतो, दरवेळी लावतो, दुसऱ्यावर सोपवत नाही. पण घोडीची, म्हणजे तारा ज्यावरून जातात त्या पट्टीची, जवारी (तिचा घासून साधलेला उतार) झिजली तर भले भले गवई कारागिरासमोर बसतात. जे सरकवून परत जागेवर आणता येतं ते वाजवणाऱ्याचं. जे घासलं की गेलं ते कारागिराचं.

सहावी_तार (रत्नागिरी)

जीवाचं उदाहरण आवडलं, पण मला ते पुरतं पटत नाही. कारागीरही कधीतरी पहिल्यांदाच घासायला बसला असेल ना? चूक करायला जागाच नसेल तर हात तयार कसा होणार?

पावसाळ्याचा मुद्दा मात्र मान्य. मी मे महिन्यात मोजलंच नव्हतं.

ट्रस रॉडची उगाच भीती घातली जाते. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), १४व्यावर बोट, आणि सातव्यापाशी तार नि फ्रेट यांच्यात साधारण पाव मिलिमीटर फट. कमी-जास्त असेल तर किल्ली पाव फेरा फिरवायची आणि दुसऱ्या दिवशी परत बघायचं. यात कसलं अघोरी काम आहे?

बाकावरची_गिटार (पुणे)

अगदी बरोबर, आणि पाव फेऱ्यावर थांबणाऱ्याला माझा विरोध नाही. विरोध आहे तो तारा खाली आणायला रॉड आवळत सुटणाऱ्यांना. रॉड मानेचा बाक सुधारतो, तारांची उंची ठरवणं त्याचं काम नाही. किल्ली घट्ट लागली तर सोडून द्या.

मिरजकरांचं वाक्य मी माझ्या बाकावर लिहून ठेवणार आहे.

चंद्रपूरची_चाल

आता खरं विचारतो. माझ्या ब्रिजच्या मागच्या कडेखाली व्हिजिटिंग कार्ड आत जातं. फेविक्विक सोडून बसवू का?

बाकावरची_गिटार (पुणे)

नका, कृपा करून नका. १२च्या सेटच्या (पहिली तार ०.०१२ इंच जाड) सहा तारा मिळून ७० किलोच्या वर ओढ असते, ती त्या सांध्यावर येते. आत जुना गोंद आहे, त्यावर नवं काही नीट धरत नाही. फेविक्विक अर्धवट धरेल, आणि पुढे ब्रिज सोडवताना टॉपचे तंतू उपटून येतील. आज रात्रीच तारा पूर्ण सैल करा. ब्रिज गरम करून काढायचा, दोन्ही लाकडं साफ करायची, सुतारी पिवळा गोंद लावून क्लँपखाली २४ तास ठेवायचा. हे नागपूरलाच करून घ्या. तोवर सैल तारांनी पडून राहिली तर तिचं काही बिघडत नाही.

आणि रत्नागिरीकर, हात तयार करायचाच असेल तर कंपनीचं सॅडल जपून ठेवा आणि हाडाचं कोरं सॅडल आणून त्यावर घासा. तळ काचेवर ठेवून उजेडासमोर धरा, फट दिसली तर पुन्हा घासा. बिघडलं तर जुनं आहेच.

सहावी_तार (रत्नागिरी)

माझं जुनं तर घासून बसलोय. दोन कोरी मागवतो, एक पावसाळ्यासाठी आणि एक उन्हाळ्यासाठी. मेमध्ये मोजून आकडे इथेच टाकतो.