मदत हवी आहे: इंग्रजीत 'अडचण' नेमकी कशी सांगायची?

नमस्कार मंडळी. आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेतल्या लेखी भागाची तयारी चालू आहे. त्यात शब्दसंपदेला एक चतुर्थांश गुण असतात आणि माझी गाडी नेमकी तिथेच अडते. मराठीत अडचण 'येते', म्हणून मी बिनधास्त 'डिफिकल्टी केम' लिहून मोकळा झालो. सरांनी लाल रेघ मारून वर 'फेस्ड' लिहिलं. 'बिग डिफिकल्टी'वरही काट, तिथे म्हणे 'ग्रेट डिफिकल्टी'. पण 'बिग प्रॉब्लेम' चालतो! हे काय गौडबंगाल?

'हॅव डिफिकल्टी'नंतर 'टू स्लीप' नाही, 'स्लीपिंग' येतं, एवढं आता डोक्यात बसलंय. 'रन इंटू ट्रबल' आणि 'गेट इंटू ट्रबल' यांत मात्र अजून गोंधळ होतो. माझ्या समजुतीप्रमाणे पहिल्यात काम मध्येच अडतं, दुसऱ्यात बहुधा आपल्याच उद्योगांमुळे ओरडा बसतो. बरोबर आहे का? आणि 'पोज' हे क्रियापद 'चॅलेंज'बरोबर जातं, तसं 'डिफिकल्टी'बरोबरही सर्रास वापरतात का?

याद्या पाठ करून झाल्या, दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. तुम्ही कसं लक्षात ठेवलंत? वाक्यासकट सांगितलंत तर फार बरं होईल.