गोवराची साथ आणि लसीची नोंद नसलेली ऊसतोड कामगारांची मुले : मार्गदर्शन हवे आहे

बीड जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेत मी तिसरीच्या वर्गाला शिकवते. गेल्या गुरुवारी परिपाठाच्या वेळी एक मुलगी सारखी डोळे चोळत होती. अंग कढत लागले, म्हणून तिला घरी पाठवले. शनिवारी तिच्या कानामागे पुरळ दिसले आणि सोमवारपर्यंत त्याच वस्तीवरची आणखी दोन मुले तापाने आजारी पडली. उपकेंद्रातील सिस्टरांना लगेच कळवले. रक्ताचे नमुने तपासणीसाठी गेले आहेत.

गोवराच्या रुग्णापासून पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीच लागण होऊ लागते. म्हणजे ही मुलगी पोषण आहाराच्या पंगतीत सगळ्यांबरोबर खिचडी खात होती, तेव्हाच आजार पसरू लागला असणार. आजारी मुलांना पुरळ उठल्यापासून किमान चार दिवस घरी ठेवणे आवश्यकच आहे, पण तेवढ्याने साथ थांबणार नाही; लस राहून गेलेली मुले शोधावी लागतील, आणि माझी अडचण तिथेच आहे.

आमच्या वर्गातील निम्मी मुले दिवाळीपूर्वी आईवडिलांबरोबर कारखान्यावर जातात आणि पाडव्याच्या सुमारास परततात. गोवर-रुबेला लसीची पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांदरम्यान द्यायची असते. नेमकी ती वेळ कित्येकांच्या बाबतीत फडावर गेली. एका वडिलांनी पेटीच्या तळातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले माता-बाल संरक्षण कार्ड काढून दाखवले. त्यावर बीसीजीची तारीख होती, पोलिओच्या होत्या. नऊ महिन्यांचा रकाना कोरा होता. पुष्कळांकडे तर कार्डच नाही. नोंद नसेल तर लस झालेली नाही असे धरावे, जास्तीच्या मात्रेने अपाय होत नाही, असे सिस्टर सांगतात आणि ते मला पटते.

मात्र नियमित कार्यक्रमात ही लस पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मिळते, आणि माझी मुले आठ-नऊ वर्षांची आहेत. 2018 च्या नोव्हेंबरमध्ये राज्यात सुरू झालेल्या मोहिमेत पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना शाळेतच लस दिली होती, पण तेव्हा ही मुले अगदी तान्ही होती किंवा जन्मलीही नव्हती. अशा मोठ्या मुलांसाठी शाळेत विशेष सत्र मिळवण्याकरिता मागणी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे करावी की जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडे, आणि अर्जासोबत काय जोडावे? कोणी असे सत्र प्रत्यक्ष घडवून आणले असल्यास कृपया सविस्तर सांगावे.

दुसरी विनंती डॉक्टर सभासदांना आहे. त्या मुलीच्या आजीने दाराला लिंबाचा डहाळा बांधला आहे आणि ‘देवीचा कोप आहे, औषध चालत नाही’ असे म्हणून जीवनसत्त्व अ चा डोसही नाकारला. हा डोस लागोपाठ दोन दिवस दिल्याने डोळे वाचतात, हे त्यांच्या श्रद्धेला न दुखावता कसे समजवावे? डहाळा राहू द्या आणि डोसही द्या, एवढे तरी मान्य व्हावे अशी माझी धडपड आहे. येत्या शनिवारी पालकसभा असून आशाताईही येणार आहेत, तेव्हा त्यापूर्वी उत्तर मिळाल्यास फार मदत होईल.