अंगावर पाजणं नसेल तेव्हा काय?

‘बाळ अंगावर पितंय तोवर गर्भनिरोधकाची घाई नको’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला अर्धाच बरोबर आहे. बाळ ६ महिन्यांच्या आतलं, फक्त आईच्या दुधावर आणि पाळी आलेली नाही, या तिन्ही गोष्टी असतील तरच तो लागू होतो. फिस्टुला झालेल्या बाईचं काय? दोन-दोन दिवस अडून राहिलेल्या बाळंतपणात लघवीच्या पिशवीला छिद्र पडतं, तोच फिस्टुला, आणि तेव्हा बाळ बहुतेकदा दगावलेलं असतं. पाजणं नाही, त्यामुळे पहिली पाळी यायच्या आधीच, महिना-दीड महिन्यातसुद्धा, बीज सुटू शकतं, म्हणजे पुन्हा दिवस जाऊ शकतात.

मी वॉर्डात समुपदेशन करते. छिद्र शिवल्यावर कॅथेटरची (लघवीच्या नळीची) पिशवी सांभाळत बसलेली बाई अगदी हळू विचारते, ‘ताई, परत मूल होईल ना?’ बाहेर सासूचाही तोच प्रश्न असतो. अशा बाईपुढे नसबंदीचा विषय काढणं मला क्रूर वाटतं. तिला मूल हवंय, फक्त मध्ये वेळ हवा. किमान ३ महिने संबंध नाही, साधारण वर्षभर दिवस जाऊ द्यायचे नाहीत, पुढचं बाळंतपण सिझेरियननेच. हे नवऱ्याला समोर बसवूनच सांगावं. घरी जाऊन ‘नाही’ म्हणायचा भार तिच्या एकटीवर का? सरकारी दवाखान्यात अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन दर ३ महिन्यांनी मोफत मिळतं, नाहीतर छाया ही गर्भनिरोधक गोळी आहे: पहिले ३ महिने आठवड्यातून दोनदा, पुढे एकदा. निवड तिची. आणि ‘पुढच्या वेळी सिझेरियन’ हे डिस्चार्ज कार्डावर ठळक लिहून घ्याच, कारण पुढचं बाळंतपण बऱ्याचदा माहेरी, दुसऱ्याच दवाखान्यात होतं.